हातमोजे : पुण्याच्या दुचाकीच्या इतिहासातले एक दुर्लक्षित पान

पुणे आणि दुचाकी या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सायकलींचे शहर स्कूटरींचे शहर कसे झाले, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. हेल्मेटवरून या शहराने केलेले वाद देशभर गाजले. तोंडाला स्कार्फ गुंडाळून भरधाव जाणाऱ्या पुणेरी मुलीवर तर विनोदांचे एक स्वतंत्र भांडार तयार झाले. म्हणजे दुचाकीस्वाराचे डोके चर्चेत आले, त्याचा चेहराही चर्चेत आला. पण वाहन ज्या अवयवाने चालवले जाते, तो हात मात्र कोणाच्या लेखनाचा विषय झाला नाही.

हातमोजा ही वस्तू तशी क्षुल्लक. तुळशीबागेत मोलभाव करून घ्यावी, पावसाळ्यात हरवावी आणि पुन्हा घ्यावी, इतकीच तिची किंमत. तरीही एखाद्या समाजाने आपला हात कधी झाकला, कशापासून झाकला आणि कशापासून झाकायचे राहून गेले, याचा माग काढला तर त्या समाजाला कशाची भीती वाटत होती ते कळते. पुण्याच्या हाताने पूर्वी तलवारीला भ्यायला सुरुवात केली, मग थंडीला, मग उन्हाला. रस्त्याची भीती त्याला सगळ्यात शेवटी वाटली आणि ती अजूनही पुरेशी वाटत नाही. या लेखात तो क्रम मांडायचा आहे.

शब्द आणि पोलाद

'मोजा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि पायाशी जोडला गेला. हातात घालायची वस्तू पुढे आली तेव्हा मराठीने नवा शब्द घडवला नाही. पायातल्या मोज्याआधी 'हात' जोडून काम भागवले. हिंदीने मात्र फारसीतल्या 'दस्त' म्हणजे हात या शब्दापासून तयार झालेला 'दस्ताना' जवळ केला. मराठीची ही रीत जगावेगळी नाही. जर्मन भाषेत हातमोज्याला 'हांटशू' म्हणतात, म्हणजे शब्दशः हाताचा जोडा. पाय झाकणे ही गरज आणि हात झाकणे ही सवड, असा अनुभव दोन्ही भाषांच्या पोटात दडलेला दिसतो.

मात्र एका ठिकाणी महाराष्ट्राने हात झाकण्याचा विचार अत्यंत गांभीर्याने केला होता. ते ठिकाण म्हणजे दांडपट्टा. इतर तलवारींना मूठ असते आणि बोटांपुढे एखादी आडवी पट्टी. पट्ट्याला मात्र कोपराच्या दिशेने वर चढणारा पोलादी मोजाच असतो. त्याच्या आत आडवा दांडा, तो मुठीत धरायचा, आणि वर मनगटामागे हाताला आवळणारी पट्टी. हात आणि हत्यार एकजीव होतात. मनगट वाकत नाही म्हणून वार खांद्यातून फिरवावा लागतो आणि त्यातूनच पट्टा फिरवण्याची ती वर्तुळाकार शैली आली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याची लवलवती पाती सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा पोलादी मोजा अधिक बोलका आहे. हाताचे संरक्षण करायचे तर मनगटही झाकले पाहिजे, मोजा हातातून निसटता कामा नये आणि संरक्षण वाढले की हालचाल कमी होते, ही तीन सूत्रे पट्टा घडवणाऱ्या लोहाराला पक्की ठाऊक होती. आजच्या मोटारसायकलच्या हातमोज्याची पारख याच तीन सूत्रांवर होते.

साहेबाचा हात, पेठेतला हात

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि पुढच्या काही वर्षांत शहराच्या पूर्वेला लष्कर वसले. तिथे हातमोजा दोन रूपांत आला. एक घोड्यावरचा, कातडी, लगाम धरून हाताला घट्टे पडू नयेत म्हणून; दुसरा मेजवानीतला, पांढरा, प्रतिष्ठेचा. दोन्ही रूपांत तो साहेबाचा होता. पेठांमधल्या पुण्याने तो उचलला नाही. कोट उचलला, बूट उचलले, घड्याळ उचलले. हात मोकळाच राहिला.

याचे एक कारण हवामान. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या शहरात वर्षातले बरेच महिने उघड्या हाताला काहीच त्रास नसतो. दुसरे कारण माझ्या मते अधिक खोल आहे. उजवा हात हा जेवणाचा, पूजेचा, दान देण्याघेण्याचा हात. चामडे पायात चालले, कमरेच्या पट्ट्याला चालले. पण घास उचलणाऱ्या हातावर ते चढवणे सोवळ्याओवळ्याच्या शहराला रुचण्यासारखे नव्हते. चामडे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या समाजांना ज्या समाजव्यवस्थेने वेशीबाहेर ठेवले, तिने त्यांच्या हातची वस्तू कुठल्या अवयवापर्यंत येऊ द्यायची याचीही हद्द आखली होती. कातडी हातमोज्याला मराठी मध्यमवर्गात घर मिळायला इतका उशीर का लागला, याचा विचार करताना किंमत आणि हवामान यांच्याबरोबर ही हद्दही लक्षात घ्यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरात आल्या. बिनतारी यंत्रणा अपुरी असताना निरोप पोचवणारे लष्करी स्वार हा युद्धाचा कणा होता आणि कोपराकडे जाणारे लांब, रुंद तोंडाचे कातडी हातमोजे हा त्यांच्या गणवेशाचा भाग. दक्षिण कमांडचे मुख्यालय असलेल्या पुण्याला ही आकृती अपरिचित नव्हती. लष्कराला नकोशा झालेल्या वस्तू नागरी बाजारात येण्याची परंपराही इथे जुनी. रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारात लष्करी बूट, पट्टे, कोट आणि त्यांतच जाड कातड्याचे हातमोजे पालापाचोळ्यासारखे पसरलेले असत. अनेक पुणेकरांच्या हातावर चामडे पहिल्यांदा चढले ते असे, दुसऱ्याच्या मापाचे.

थंडीचे गणित

सायकलच्या काळात हातमोज्याची गरज मर्यादित होती. ताशी बारा-पंधरा किलोमीटर वेगाने पायडल मारणाऱ्या माणसाचे शरीर आतून तापलेले असते आणि वाराही फार लागत नाही. पहाटे चारच्या सुमारास अप्पा बळवंत चौकातून वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन निघणारी मुले कानाला मफलर गुंडाळत आणि हात आळीपाळीने खिशात घालत. इंजिनाचे वाहन आले आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या. वेग वाढला आणि शरीराचे कष्ट थांबले. स्वार स्थिर बसलेला, आणि वारा अंगावर धावून येणारा.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढते, याचे मोजमाप अंटार्क्टिकात झाले. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी तिथे पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी सुधारित सूत्र स्वीकारले. त्या सूत्रात आकडे घातले तर दहा अंश सेल्सिअसच्या सकाळी ताशी साठ किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला साधारण पाच अंशांसारखा जाणवतो. हे गणित चेहऱ्याच्या त्वचेसाठी मांडलेले आहे. बोटांची अवस्था त्याहून बिकट. बोट म्हणजे बारीक नळी. आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा, स्नायूंची ऊब जवळजवळ नाही, आणि शरीर गारठले की हृदय-फुप्फुसे जपण्यासाठी सर्वांत आधी रक्त कमी केले जाते ते बोटांचेच. म्हणूनच जुने स्वार स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवत. छाती उबदार राहिली तर बोटांपर्यंत रक्त पोचते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

पुण्याची थंडी दिसते तितकी सौम्य नाही. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात हलले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि चौकाला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. तिथे खाते स्थिरावल्यावर थोड्याच वर्षांनी, १७ जानेवारी १९३५ रोजी, पुण्याचे किमान तापमान १.७ अंशांवर उतरले. दुसऱ्या टोकाला ३० एप्रिल १८९७ ची नोंद आहे : ४३.३ अंश, आणि तीही प्लेगच्या वर्षातली. एकाच शहराच्या नोंदवहीत जवळजवळ बेचाळीस अंशांचे अंतर. त्यात पाषाण, हवेली अशा सखल किंवा मोकळ्या भागांत हिवाळी पहाटे शहराच्या मध्यभागापेक्षा बोचरी थंडी असते. पहिल्या पाळीसाठी दापोडीवरून पिंपरी-आकुर्डीकडे निघणाऱ्या कामगाराला हा फरक आकड्यांवाचून कळत होता.

डाव्या मुठीतले गिअर

आता मुख्य प्रश्न. स्कूटर घराघरांत आल्यावर तरी पुणेकराने हातमोजा का स्वीकारला नाही? याचे उत्तर अंशतः स्कूटरच्या रचनेत आहे.

१९४६ साली इटलीत व्हेस्पा जन्माला आली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा अभियंता. मोटारसायकल त्याला आवडत नसे; ती कपडे तेलकट करते, चढायला अवघड, पायाने गिअर टाकल्याने बूट खराब होतात, अशी त्याची तक्रार. म्हणून त्याने इंजिन झाकले, पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली आणि गिअर हातात आणून ठेवले. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि तीच मूठ फिरवून गिअर बदलायचा. धोतर, पायजमा, साडी, सगळ्याला चालणारे हे वाहन होते. पाय ढालीआड सुरक्षित झाले, आणि हात मात्र वाऱ्यात राहून आणखी एका कामाला जुंपले गेले.

बछराज ट्रेडिंग या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बजाज कंपनीने १९४८ पासून आयात वाहने विकायला सुरुवात केली. १९५९ साली तिला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि आकुर्डीच्या माळावर व्हेस्पा तयार होऊ लागली. १९७१ मध्ये इटालियन कंपनीशी असलेला करार संपला, आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा त्या काळच्या मध्यमवर्गाचा सामायिक अनुभव. लग्नाच्या बोलण्यांत 'चेतकचा नंबर लागला आहे' हे वाक्य स्थावर मालमत्तेच्या तोडीचे मानले जाई.

या स्कूटरची डावी मूठ जाड हातमोज्याला अनुकूल नव्हती. गिअरची खाच बोटांना जाणवावी लागे. दोन गिअरांच्या मधली मोकळी जागा, म्हणजे न्यूट्रल, सापडणे हा तर अंदाजाचाच खेळ. जाड कातड्यात हा स्पर्श हरवतो. शिवाय मूठ सतत फिरवायची असल्याने तळहाताची घडी पडते आणि शिवण टोचते. इंडिकेटर सार्वत्रिक होण्याआधी वळताना हात बाहेर काढून दाखवावा लागे, तेव्हाही मोकळा हात बरा वाटे. त्यामुळे चेतकवाल्यांनी हिवाळ्यात फार तर घरी विणलेले लोकरीचे मोजे घातले. लोकर हवा कोंडून ऊब देते, पण वारा तिच्यातून आरपार जातो, आणि रबरी मुठीवर ती घसरते. म्हणून चौकात आले की मोजे काढून खिशात.

मोटारसायकलची गोष्ट वेगळी होती. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट आणि साठच्या दशकापासून म्हैसूरहून येणारी जावा या दोहोंचे गिअर पायात होते. हाताला क्लच आणि ब्रेक दाबणे आणि ॲक्सिलरेटर धरून ठेवणे एवढेच काम. तिथे कातडी हातमोजा टिकला. पण या गाड्या पोलीस, लष्कर, शेतकरी आणि काही हौशी यांच्या. हातमोजा म्हणजे बुलेटवाल्याचा रुबाब, असे जे समीकरण झाले त्यामागे गिअरची जागा होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

उन्हाचा मोजा

१९७२ साली फिरोदियांची लुना आली आणि गिअरची कटकट मिटली. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर दिली. पुढे सनी, स्कूटी आणि २००१ मध्ये ॲक्टिव्हा. किक मारायची नाही, गाडी तिरकी करायची नाही, डाव्या मुठीला काही काम नाही. या तांत्रिक बदलाने पुण्यातल्या स्त्रियांच्या हाती शहर दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. क्लास, कॉलेज, बँक, भाजी, रात्रीचे नाटक. बसची वाट पाहणे आणि कोणाला तरी 'सोडतोस का' म्हणणे संपले.

आणि याच बायकांनी पुण्यात हातमोजा पहिल्यांदा सार्वत्रिक केला. स्कार्फ, पातळ सुती सनकोट आणि कोपरापर्यंतचे पांढरे किंवा फिकट सुती मोजे. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, फर्ग्युसन रस्ता इथल्या पथारीवर हा तिन्ही वस्तूंचा संच मिळू लागला. यामागे गोरेपणाचा सामाजिक हट्ट होता, हे नाकारता येणार नाही. 'हात काळवंडतील' ही सूचना घराघरांत दिली जात असे, आणि ती मुलग्यांना दिली जात नसे. पण एवढ्यावर हा विषय संपत नाही. धूळ आणि धूर खरे होते, एप्रिल-मेचे ऊनही खरे होते. आणि आपल्याला कोणी ओळखू नये, अशी मोकळीक या झाकलेपणातून मिळत होती. हातात अंगठी आहे की बांगडी, हेदेखील मोज्याखाली लपत होते. बाहेरच्यांना जो बुरखा वाटला तो आतून अनेकींना पारपत्रासारखा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

वस्तू म्हणून मात्र हा मोजा अर्धवट आहे. पातळ, विरळ विणीच्या पांढऱ्या सुतातून अतिनील किरण बरेच आत शिरतात. घट्ट विणीचे, किंचित गडद कापड त्याहून अधिक अडवते. गुळगुळीत प्लास्टिकच्या मुठीवर सुती तळवा सरकतो, म्हणून तळव्यावर रबरी ठिपके असलेला मोजा बरा. आणि पडल्यावर हे सूत डांबरी रस्त्यावर क्षणभरही टिकत नाही.

डोक्याचा वाद आणि हाताचा विसर

१९३५ साली इंग्लंडमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे लष्करी स्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटची उपयुक्तता मांडली आणि तिथून हेल्मेटचा कायदेशीर प्रवास सुरू झाला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट बंधनकारक केले. पुण्याने त्याला दिलेली झुंज प्रसिद्ध आहे. कृती समित्या, मोर्चे, न्यायालये. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा काही आंदोलक पुणेरी पगडी घालून रस्त्यावर उतरले. वाद घालण्याची या शहराची हौस मान्य करूनही एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू केवळ डोक्याबद्दल बोलत होत्या. कायद्यातही फक्त शिरस्त्राण आहे, हाताचा उल्लेख नाही.

पडताना मात्र माणूस पहिल्यांदा हात टेकतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. शिकवून ती थांबवता येत नाही. तळहात रस्त्याला लागला की दोन गोष्टी घडतात. एक, कातडी सोलवटते. तळहाताची त्वचा जाड आणि विशेष बनावटीची असल्याने ती जखम भरणे जिकिरीचे आणि उरणारा व्रण हात उघडू-मिटू देत नाही. दुसरी गोष्ट, अंगठ्याच्या बुंध्याशी मनगटात होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते, त्याला तडा जातो. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूने, बोटांकडच्या टोकाकडून होतो. म्हणून मधोमध मोडले तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो आणि हाड जुळायला महिने लागतात, कधी जुळतच नाही. मुरगळले असेल म्हणून हळद-लेप लावून दुर्लक्षिलेले मनगट पुढे कायमचे अधू होते ते यामुळे. चांगल्या हातमोज्याच्या तळव्यावर, नेमक्या याच जागी, गुळगुळीत कडक प्लास्टिकची चकती असते. हात रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरावा आणि मनगटावरचा झटका कमी व्हावा, एवढाच तिचा उद्देश.

याचे पुरावे नवे नाहीत. हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस परिसरातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि १९८१ च्या अहवालात जाड बूट, जाकीट आणि हातमोजे खरचटण्या-फाटण्याच्या जखमा टाळतात, असे नोंदवले. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातील २१२ अपघातग्रस्त स्वारांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मोटारसायकलसाठीचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता न घातलेल्यांपेक्षा निम्म्याहून कमी आढळली. त्याच अभ्यासात हेही दिसले की सुमारे एक चतुर्थांश हातमोजे अपघातात फाटले. म्हणजे हातमोजा असणे पुरेसे नाही. तो कसा आहे हे महत्त्वाचे. फ्रान्सने २० नोव्हेंबर २०१६ पासून दुचाकीस्वारांना हातमोजे सक्तीचे केले, आणि युरोपात 'ईएन १३५९४' या मानकानुसार तळवा घासून किती सेकंद टिकतो हे तपासले जाते.

चार प्रसंग, एक मूठ

आता पुण्यातल्या माणसाने निवड कशी करावी? एकच हातमोजा बारा महिने चालेल, ही अपेक्षा सोडून द्यावी लागते.

उन्हाळ्यात पाठीवर जाळी आणि तळव्यावर चामडे असलेला मोजा योग्य. घाम हा उन्हाळ्यातला खरा शत्रू. हात ओला झाला की तळवा आतल्या आत सरकतो. तळव्याला शेळीचे कातडे चांगले, कारण ते पातळ असूनही चिवट असते आणि क्लचचा स्पर्श कळतो. अशा कातड्याचा मोठा व्यापार तमिळनाडूतल्या राणीपेठ-आंबूर पट्ट्यात आणि हातमोजे शिवण्याचा कोलकात्यात चालतो. संपूर्ण कापडी मोज्यात तळव्याला दुहेरी थर आणि दुहेरी शिवण आहे का, हे उलटून पाहावे.

पावसाळ्यात कथा बदलते. पुण्यातला पाऊस झिमझिम, तासन्‌तास चालणारा. ताम्हिणी-वरंधा घाटात तोच झोडपणारा. कोलकात्याच्या डकबॅकने १९२० पासून देशाला रबरी कापडाची सवय लावली, पण रबर पाणी अडवते तसा घामही अडवते. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. जलरोधक हातमोज्यांत असाच पडदा मधल्या थरात असतो. तो नसेल तर पुणेकर दुधाच्या पिशवीपासून साडीच्या दुकानातल्या कॅरीबॅगपर्यंत काहीही हाताला बांधतो, आणि मुठीवरची पकड घालवून बसतो. रेनकोटची बाही मोज्यावर यावी, मोज्यात खोचू नये; पाणी उतारानेच वाहते आणि हात हँडलकडे उतरता असतो. डाव्या तर्जनीवर रबरी पट्टी असेल तर हेल्मेटची काच पुसता येते. भिजलेले चामडे गॅसशेजारी किंवा उन्हात वाळवले तर ते पापडासारखे कडक होते; सावलीत, वाऱ्यावर वाळवावे.

हिवाळ्यात वारा अडवणारा बाह्य थर आणि आत पातळ अस्तर पुरते. पुण्यात बर्फाचे मोजे नकोत. फार जाड अस्तराने ब्रेकचा अंदाज चुकतो. दरवर्षी थंडीत तिबेटी विक्रेते शहरात लोकरी कपडे घेऊन येतात, त्यांच्याकडचा पातळ विणलेला मोजा कातडी मोज्याच्या आत घातला तर दोघांचे काम होते. मात्र त्यासाठी बाहेरचा मोजा अर्धा आकार मोठा हवा. घट्ट मोजा रक्त अडवतो आणि बोटे अधिकच गारठतात. लेह-लडाखला जाणाऱ्यांनी तर पाऊस आणि थंडी यांसाठी दोन वेगळे जोड न्यावेत. पाच हजार मीटरच्या खिंडीत ओला मोजा वाळत नाही.

चौथा प्रसंग पडण्याचा, आणि तो ऋतू पाहून येत नाही. त्यासाठी दुकानातच दोन कसोट्या घ्याव्यात. मोजा घालून मनगटाची पट्टी आवळावी आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोके धरून तो ओढावा. निघाला तर रस्त्यावरही निघेल. मग खरोखरच्या हँडलवर मूठ वळावी; बोटांच्या मुळाशी कापड गोळा झाले किंवा शिवण टोचली तर आकार चुकला. पट्टा घडवणाऱ्या लोहाराची तीन सूत्रे इथे पुन्हा भेटतात.

कोणाचे हात?

२०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि शहराच्या लोकसंख्येला तिने मागे टाकले. त्यांत सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. यातल्या बहुसंख्य हातांचा प्रवास घर ते कार्यालय एवढाच. पण गेल्या दहा वर्षांत एक नवा वर्ग रस्त्यावर आला आहे, ज्याचे दिवसाचे दहा-बारा तास हँडलवर जातात. जेवण, किराणा, औषधे, पार्सले पोचवणारी ही मुले मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-झारखंडातून आलेली. त्यांच्या हातांकडे पाहावे. अनेकांनी पथारीवरचे स्वस्त मोजे घेतलेले असतात आणि अंगठा व तर्जनी यांची टोके कात्रीने कापलेली असतात. कारण फोनच्या काचेला कापडाचा स्पर्श कळत नाही, आणि फोनला उशिरा उत्तर दिले तर पुढचे काम दुसऱ्याला जाते. काचेला कळणारा धागा टोकांना विणलेले मोजे बाजारात आहेत. पण पाठीवरची पेटी आणि अंगावरचा टी-शर्ट यांवर ज्यांची नावे झळकतात, त्यांच्या लेखी हात ही कामगाराने स्वतः आणायची वस्तू आहे.

पुण्याच्या हातमोज्याचा इतिहास आज या कापलेल्या टोकांपाशी येऊन थांबला आहे. योद्ध्याच्या हाताला पोलाद मिळाले, साहेबाच्या हाताला कातडे, मध्यमवर्गाच्या हाताला सूत. ज्यांच्या हातांवर आता या शहराचे जेवण फिरते, त्यांच्यासाठी एक कातडी तळवा, मनगटाची एक पट्टी आणि पावसाळ्यासाठी एक वेगळा जोड, एवढी मागणी एखाद्या सणाच्या बोनसाच्या किमतीत बसते. हेल्मेटसाठी आणि हेल्मेटविरुद्ध इतकी वर्षे भांडण्याचा उत्साह असलेल्या शहराने या मागणीसाठी एकदा भांडायला हरकत नाही.